नायट्रोजन हाय का?

मी बोलतोय, आणि गोड बोलणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. ज्याच्या पोटात कायम गारठा असतो त्याच्याकडून मायेची अपेक्षा करू नका.

मी संघपालचा कंटेनर. वाशिमकडच्या मेडशीपासून मालेगावपर्यंत ज्याच्या गोठ्यात दुभतं जनावर आहे, तो मला ओळखतो. गाय किंवा म्हैस माजावर आली की लोक संघपालला फोन करतात. तो मला गोणपाटात गुंडाळून मोटरसायकलच्या मागे बांधतो आणि निघतो. माझ्या पोटात पातळ नायट्रोजन असतो, आणि त्यात बुडवलेल्या बारीक नळ्यांत चांगल्या जातीच्या वळूंचं बीज. कितीतरी गोठ्यांतली वासरं माझ्यामुळे जन्मली. आभार मात्र एकानेही मानले नाहीत.

माझी घडण साधी आहे. एका भांड्यात दुसरं भांडं, आणि दोघांच्या मध्ये काहीच नाही, हवासुद्धा नाही. त्या मोकळ्या जागेवरच आतला गारठा टिकतो. वरून जाड बूच. आत लांब दांड्यांच्या डब्या लोंबतात, त्यांच्यात माल. नियम एकच. डबी माझ्या गळ्याच्या वर काढायची नाही. जे वर आलं आणि वितळलं, ते मेलं. पुन्हा कितीही गोठवा, त्याचा उपयोग शून्य.

पण माणसाला बंद झाकण सहन होत नाही. जाईल तिथे कोणीतरी म्हणणारच, "उघड ना बाप्पा, धूर कसा निघते पाहू दे." संघपाल खेकसतो. माझा त्याच्यावर जीव असलाच तर या खेकसण्यापुरता.

आता त्याच्या बहिणीबद्दल सांगतो. ती मला आवडत नाही.

नीलिमा तिचं नाव. मेडशीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकली, वाशिमला कॉलेज केलं, मग पुणे, मग परदेश, मग पुन्हा पुणे. तिथल्या प्रयोगशाळेत ती कॅन्सर आणि शरीराची प्रतिकारशक्ती यांचा अभ्यास करते. तिचे वडील पुंजाजी पारावर मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "माही पोरगी डॉक्टर हाय." मग ती सुट्टीत आली की लोक गुडघे, खोकला, खरूज घेऊन दारात हजर. ती म्हणायची, मी औषध देत नाही, मी पेशींचा अभ्यास करते. लोक हिरमुसून परत जायचे. "मंग कायची डॉक्टर?" असं माझ्यासमोर म्हणायचे. मला बरं वाटायचं.

तिचं काम काय, ते तिने एकदा ओसरीवर बसून संघपालला समजावलं होतं. आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. कॅन्सरची गाठ त्यांना झोपवते. तुरीच्या वावरात राखण्या माचणावर घोरत असावा आणि खाली रानडुकरं शिरावीत, तसं. राखणदार का झोपतात आणि त्यांना जागं कसं करायचं, हे शोधण्यात तिची सगळी उमर चालली होती. संघपालने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग जागे कवा होतीन?"

"पाहून राह्यली ना," ती म्हणाली.

ती तिकडे पाहत राहिली आणि इकडे त्यांची माय भागिरथा रोज सकाळी मिश्री लावत राहिली. तंबाखू तव्यावर जाळायची, कुटायची आणि बोटाने दातांना घासायची. गालाच्या आत फोड आला, तो तिने लपवला. नीलिमाच्या फोनमध्ये दिसू नये म्हणून तोंडावर पदर धरून बोलायची. "माय, पदर काढ ना," असं लेक एकदाही म्हणाली नाही. परक्या लोकांच्या गालातले फोड काचेखाली तपासणाऱ्या बाईला आईचा गाल दिसला नाही. संघपालने हे तिला कधीच माफ केलं नाही, मीही नाही.

शेवटचं वर्षभर भाकर दुधात कुस्करून भरवली ती त्यानेच. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं तेव्हा नीलिमा आली, तीही हातात एक डबा घेऊन. माझ्याच जातीचा, पण लहान, चकचकीत, शिष्ट. संघपालने नंतर गावभर सांगितलं, "मायच्या पायी पडायच्या आंधी डबा खाली ठुला तिनं, तोबी जपून."

डॉक्टरांनी गाठ काढली. तिचे तुकडे नीलिमाने चार बारक्या कुप्यांत भरून आपल्या डब्यात गोठवले. ऑपरेशननंतर भागिरथा उठलीच नाही.

पुंजाजींचे गुडघे गेलेले, म्हणून ते दवाखान्यात गेले नव्हते. बायको घरी आली ती तोंडाला घट्ट पट्ट्या गुंडाळूनच. जबडा काढला होता. पट्ट्या सोडू नका असं दवाखान्याने बजावलं होतं. म्हाताऱ्याने दोनदा विचारलं, "तोंड पाहू द्या ना मले." संघपाल म्हणाला, "बाबा, नका पाहू." आपल्याकडे मेलेल्याचं शेवटचं तोंड पाहिल्याशिवाय माणूस घाटावरून परततो का? पुंजाजी परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलिमाने आपल्या डब्यात मोजपट्टी घालून पाहिली. नायट्रोजन तळाला गेला होता. मालेगावच्या गुरांच्या दवाखान्यात नायट्रोजनची गाडी इतक्यात येणार नव्हती. जवळपास भरलेला असा मी एकटाच होतो.

ती संघपालसमोर उभी राहिली. "तुह्या कंटेनरात जागा दे," म्हणाली. "मायच्या गाठीतले राखणदार जागे होते, संघपाल, मी काचेखाली पाह्यलं. लढून राह्यले होते. इतक्या वर्सांत मी असे पाह्यले नाईत. ते जित्ते पुण्याले पोचले तर कोणाच्या तरी मायले कामी येतीन."

"आपल्या मायले आले?"

त्याने माझं बूच काढलं. वळूंच्या नळ्या एका डबीत सरकवल्या आणि दुसरी तिच्यापुढे धरली. चार कुप्या माझ्या पोटात उतरल्या. मला कोणी विचारलं नाही. मला कधीच कोणी विचारत नाही.

त्यानंतर संघपालने मला घराबाहेर नेलं नाही. फोन येत होते. आसेगावचा एक जण तर शिव्याच द्यायला लागला, म्हैस माजावर आहे, ही वेळ गेली तर पुढची कधी? संघपाल म्हणायचा, "कंटेनर खाली नाई." लोक चिडले, दुसऱ्याला बोलवायला लागले. आणि हा माणूस बहिणीशी बोलत नव्हता! तिच्या ताटातलं मीठसुद्धा दुसऱ्याच्या हाती पाठवायचा.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्याच्या नावाने वंदना घ्यायच्या दिवशी अंगणात मांडव होता. भागिरथाचा फोटो, मेणबत्त्या, वंदना सगळं झालं आणि पंगत बसली. निघायच्या घाईत नीलिमा त्याला म्हणाली, "उद्या नायट्रोजनची गाडी येते. माह्या डब्यात भरून मंग कुप्या काढून घेतो." बस, तेवढं निमित्त पुरलं. संघपाल सगळ्या सोयऱ्यांसमोर ओरडला, "ने ना! घाटावर अर्धीच माय नेली आपण. बाकीची तुनं डब्यात ठुली! डबे भराले आल्ती तू, मायले पाहाले नाई!"

"मायनंच सांगतलं होतं, लागन ते घे म्हून!"

"मायले काय समजत होतं!"

भांडण लांबलं. घरात राहून तुला पदराआडचं दिसलं नाही का, असं तिने काढलं, तो मोठ्या डॉक्टरणीवर घसरला. दोघांच्याही जिभा लांब आहेत, आईकडून आलेल्या. त्या गडबडीत म्हातारा पंगतीतून कधी उठला हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुंजाजी आत आले आणि माझ्यासमोर बसले. कुप्यांचं त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं, त्या भांडणातूनच कळलं. त्यांनी बूच काढलं. धूर त्यांच्या मांडीवर सांडला. त्यांनी संघपालला शंभरदा पाहिलं होतं, तसाच हात घालून दांडी धरली, पण डबी गळ्याशी थांबवली नाही. सरळ वर काढली आणि कुप्या धोतरावर ओतल्या.

मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो.

कुप्यांवर पांढरं दव होतं, काही दिसत नव्हतं. त्यांनी एक उचलली आणि मुठीत धरली. हात भाजला असणार, गारठा आगीसारखाच भाजतो. सोडली नाही. दव गेलं, आतला तुकडा दिसला. मग दुसरी, मग सगळ्या. "भागिरथा," ते म्हणाले, "तोंड दाखवलं नाई वं मले कोनी." बराच वेळ पाहत बसले. मग कुप्या नीट डबीत ठेवल्या, डबी आत सोडली, बूचही बरोबर लावलं. जपून. त्यांना वाटलं, जसं होतं तसं ठेवलं.

नंतर पंगतीत त्यांना पोळी तोडता येईना. नीलिमाने त्यांचा हात उताणा केला. तळव्यावर फोड होते. ती बाई कशी धावत आली ते मी पाहिलंय. तिने डबी गळ्यापर्यंत ओढली आणि आत डोकावली. तुकडे वितळून कुप्यांच्या बुडाशी बसले होते आणि तिथेच पुन्हा गोठले होते.

दारात पुंजाजी उभे होते. "बाई, काई बिघडलं का?"

"नाई बाबा," ती म्हणाली. "हाताले तूप लावू या."

संघपाल मागे आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "जित्त्या होत्या," म्हणाली. "आता घाटावर ने. तुले पुरी माय पायजे होती ना."

त्याच दुपारी ती रिकामा डबा घेऊन एस.टी.ने गेली.

संघपालने कुप्या घाटावर नेल्या नाहीत. त्या अजून माझ्याच पोटात आहेत. एका डबीत वळू, दुसरीत भागिरथा. मेलेलं गोठवून फायदा नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी माझी पातळी उतरू देत नाही. पुंजाजी येताजाता माझ्यावर हात ठेवतात. त्यांना अजून काही माहीत नाही.

आणि रविवारी नीलिमाचा फोन येतो. ती त्याची तब्येत विचारत नाही, तो तिच्या कामाचं विचारत नाही.

"नायट्रोजन हाय का?"

"हाय."

फोन बंद. भाऊबहिणीत उरलंय ते एवढंच.

आता माझं ऐका. मोटरसायकलवर इतकी वर्षं आदळून माझ्या दोन भिंतींमध्ये कुठूनतरी हवा शिरू लागली आहे. सकाळी मानेवर दव धरतं. संघपाल ते फडक्याने पुसतो आणि कोणाला सांगत नाही. एका रविवारी त्याला "नाई" म्हणावं लागेल. मी तुमच्यातल्या कोणाचाही मित्र नाही, या घराचा तर नाहीच. पण त्या रविवारच्या आधी या दोघांना कोणीतरी दुसरा एखादा प्रश्न शिकवा. जेवलीस का, एवढाही चालेल.