विहिरीत परत गेलेलं मीठ

रोपवाटिका चालवणाऱ्या वाल्मीकचा फायदा आधी मांडू, मित्रांनो. मिरचीच्या तीस हजार रोपांना गोडं पाणी, कडेनं करपणारी पानं बंद, आणि सिन्नरच्या बाजारात ‘वाल्मीकची रोपं’ असं नाव. एवढं सगळं त्याला माझ्याकडून हवं होतं. मी एक जुना कार्बनचा पत्रा आहे. मूळचा नारळाच्या करवंटीचा कोळसा.

सिन्नरच्या एका लहानशा कारखान्यात हर्षालीताईंनी माझी पूड लेपून मला घडवलं आणि माझ्यासारखे चाळीस पत्रे एका पेटीत जोडीजोडीनं उभे केले. आमच्यामधून पाणी सोडून थोडी वीज दिली की पाण्यातलं मीठ आम्हाला चिकटतं. पोट भरलं की वीज उलटी करायची; मग आम्ही ते मीठ थोड्याशा पाण्यात सोडून देतो. ते खारं धुवण.

“दादा, हे धुवण विहिरीपासून लांब, पक्क्या टाकीत घ्यायचं आणि उन्हात वाळवायचं,” वाल्मीकच्या मचूळ विहिरीवर पेटी बसवताना ताईंनी बजावलं.

“वाळवायचं?” वाल्मीकनं डोळे मोठे केले. “ताई, आमच्याकडं हात धुतलेलं पाणीबी अळवाला घालत्यात!”

ताईंची पाठ वळताच त्यानं धुवणाचा पाइप विहिरीत सोडला. पाणी वाया न घालवण्याची सवय चांगलीच होती. तिनंच घात केला.

पहिल्या हंगामात रोपं तरारली. वाल्मीक येणाऱ्या-जाणाऱ्याला पेटी दाखवी, उदबत्तीही लावी. मी मात्र काल सोडलेलं मीठ आज पुन्हा उचलत होतो. पाणी रोपांना जाई, मीठ विहिरीत राही. हे मला ठाऊक होतं. सांगायला तोंड नव्हतं.

दुसऱ्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. तिच्यावरच पाणी भरणाऱ्या शेजारच्या चतुराबाई हातात पातेलं घेऊन आल्या.

“बघ रं वाल्मीक, चहा नासला. डाळबी दोन तास शिजवली, तरी दगडावानी.”

“मावशी, दूधच खराब असंल.”

“दूध माझ्या गाईचं हाय! तुझी विहीर चाख आधी.”

वाल्मीकनं चाखलं आणि थुंकला. “या डब्यातच दम नाय,” म्हणत त्यानं पेटीला लाथ घातली.

हर्षालीताई आल्या. त्यांनी पाइप पाहिला आणि खालीच बसल्या. “दोन वर्षं विहिरीतच?”

“पाणी कसं फेकू, ताई? आता कधी गोडी होईल ती?”

“सांगता येत नाही, दादा.”

तोवर माझ्यावर क्षारांची पांढरी साय धरली होती. पेटी गोठ्यामागं गेली.

मित्रांनो, पाणी गोडं करणाऱ्या कुठल्याही पेटीला एवढं विचारा: काढलेलं मीठ कुठं ठेवलंस? आम्ही मीठ संपवत नाही. फक्त हलवतो.

वाल्मीकला एक हंगाम मिळाला. मला कोळ्यांची जाळी मिळाली. चतुराबाईंनी पेटीचं थेंबभर पाणी घेतलं नव्हतं, की मिरचीचं एक रोप. साठी उलटलेल्या त्या आता पलीकडच्या वस्तीवरून पाणी आणतात. सगळ्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यावर बसला: दोन कळशा, दोन मैल, रोज.