सुरुंगाआधी

सूर्यमाळजवळच्या दगडखाणीत सुरुंग उडवण्याआधी पायवाट अडवायचं काम हिरीकडे होतं. हातात लाल कापड घेऊन ती वळणावर उभी राही. माणसं, गुरं लांब गेली की कापड खाली घ्यायचं, मग वरून तिचा नवरा वाळू खटका दाबायचा.

त्या दिवशी वाट मोकळी नव्हती. खालच्या पाड्यातल्या बाया झऱ्यापाशी ठाण मांडून बसल्या होत्या. सुरुंगांच्या हादऱ्यांनी झरा आटत चालला होता, आणि येईल ते पाणी दगडाच्या भुकटीनं पांढरं. तक्रारी करून थकल्यावर त्यांच्यातल्या फागीनं सगळ्यांना थेट इथंच आणलं होतं.

"कापड खाली घे," मुकादम मुकेश म्हणाला.

"बाया हायेत खाली."

"भोंगा वाजला की पळतील. भरलेला सुरुंग किती वेळ ठेवायचा?"

त्याच्या खिशातला फोन सारखा वाजत होता; खाणमालक शेटचा. हिरीनं वर वाळूकडं पाहिलं. गुंठाभर जमीन नाही. खाण सुटली तर वीटभट्टीच.

भोंगा वाजला. एकही बाई हलली नाही. मुकेशनं कापड हिसकायला हात घातला, तशी हिरी ते छातीशी धरून उतारावरून पळत सुटली. पायाखालची खडी घसरत होती.

"तू कशाला आलीस?" फागी फटकन म्हणाली. "तुमचं पोट त्या खाणीवर."

"आन् पाणी कुठलं पिते मी?" धापा टाकत हिरी तिच्याशेजारी बसली.

वर वाळू उठून उभा राहिला. एवढ्या लांबून त्याचा चेहरा दिसेना. मुकेश हातवारे करून ओरडत होता. भोंगा परत वाजला. हिरीनं डोळे मिटले. फागीनं तिचा दंड इतका गच्च धरला की नखं रुतली.

स्फोट झाला नाही. डोळे उघडले तेव्हा वाळू वायर सोडवून हाताला गुंडाळत खाली येत होता.

संध्याकाळी मोखाड्याहून पोलीस आले, भरलेले सुरुंग त्यांच्यासमोर निकामी केले. पुढं तहसीलच्या साहेबांनी झऱ्याकडची बाजू बंद करायला लावली. पलीकडच्या अंगानं खाण चालूच राहिली. हिरी-वाळूला मात्र पुन्हा कामावर घेतलं नाही. पावसाळ्यात फागीच्या शेतात दोघांना भातलावणीची मजुरी मिळाली.

वाळू फार बोलत नसे. एकदा बांधावर भाकर मोडताना हिरीनं विचारलं, "माझ्यावर रागावलास?"

"नाय," तो म्हणाला. "तू खाली नसतीस तर मी खटका दाबला असता."