हाम गाळला

इस्रायलमधल्या रोश हाआयिन गावी येमेनी ज्यूंच्या प्रार्थनाघरात चुकीला माफी नव्हती. तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, वाचायला ज्याला बोलावतील त्यानं स्वतःच वाचायचं, आणि एक स्वर घसरला की बाकांवरून सगळे तुटून पडायचे. बापालासुद्धा कोणी सोडत नसे. सर्वांत आधी आवाज यायचा मॉरी सालेमचा. मॉरी या शब्दाचा अर्थच 'माझे गुरुजी'. तिथल्या प्रत्येक दाढीला अक्षरओळख त्यांनीच करून दिलेली.

आता गुरुजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. शिवाय त्यांचाच शिष्य शालोम बाहेरून काळी टोपी आणि 'रब्बी' ही पदवी घेऊन परतला होता.

"गालिलात रब्बी, बगदादेत हाखाम, पोलंडात रेबे," तपकीर ओढत शेजारचा यहया मॉरींना म्हणाला. "आपला तेवढा मॉरी. पोरांना आता बाहेरची टोपी शोभते, त्याला तू काय करणार?"

"टोपीचं मरू दे. किती दिवस झाले, मला वाचताना कोणी टोकत नाही."

"चुकत नसशील."

"दिसत नाही, आणि चुकत नाही?"

यहयानं तपकिरीची डबी मिटली.

त्या शनिवारी तोरातला, जलप्रलयातून वाचलेल्या नोहाचा अध्याय होता. मॉरींना बोलावलं गेलं. त्यांनी तोराच्या चामडी गुंडाळीवर डोळे टेकवल्यासारखे केले आणि खणखणीत आवाजात वाचलं. नोहाचे मुलगे आले. शेम, हाम, येफेत. ही तीन नावं तिथलं शेंबडं पोरही झोपेत म्हणेल. मॉरींनी हाम गाळला. जाणूनबुजून. आणि क्षणभर थांबले.

कोणी हूं की चूं केलं नाही. एक जण खोकला, तोही दबून.

मॉरींनी उरलेलं वाचून संपवलं. शालोमनं पुढे होऊन त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. "फार सुंदर वाचलंत, रब्बी सालेम."

रब्बी. मॉरी नाही. पोरानं मानानंच म्हटलं होतं, तेच वाईट.

पुढचा वाचक तरणाबांड दाऊद. दुसऱ्याच ओळीला घसरला, आणि बाकं जुन्या जोमानं गरजली. मॉरींनीही सवयीनं तोंड उघडलं. पण शालोमचा आवाज आधी पोचला होता, आणि दाऊद कान पकडून बघत होता तो त्याच्याकडेच.

मॉरींनी तोंड मिटलं. चूक त्यांनाही ऐकू आली होती, पण ते आता कोणी विचारणार नव्हतं.