बेडकी आडवी घाला

ट्रक बघायला चौघं निघाले होते. त्यांतल्या दोघांचं घरूनच ठरलेलं होतं, एकीला दात येत होते, आणि उरलेली जी एक होती तिला सकाळपासून एका जागी दोन मिनिटं उभं राहवत नव्हतं.

ती डोंगरातले विजेचे मनोरे तपासायची. चार महिन्यांचा हंगाम, मैलोन् मैल तारांची रांग, आणि रस्ता संपला की पुढे जायला एटीव्ही: चार जाड टायरांची, टांग टाकून बसायची गाडी. खडकांवरून उड्या मारत जाते म्हणून घरात तिचं नाव बेडकी. बेडकी ट्रकच्या हौद्यात चढायची आणि ट्रकच्या मागे चाकांवरची खोली ओढली जायची. त्या खोलीत बसून नवरा बायकोने पाठवलेल्या फोटोंचे अहवाल लिहायचा आणि संध्याकाळचा स्वयंपाक करून ठेवायचा. लग्नानंतरचे तीन हंगाम त्यांनी असे मजेत काढले. पुढचा हंगाम पोरीच्या जन्मात गेला. आता सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचं होतं आणि जुन्या ट्रकचा तळ गंजून चाळणी झाला होता.

पोर चौदा महिन्यांची. तिचं काय करायचं, असं घरात कुणी विचारलं नव्हतं, कारण ते न विचारताच ठरलं होतं: ती आजीजवळ राहणार. सासूबाईंनी त्यासाठी आतली खोली रिकामी केली होती आणि आजच तिला पिवळा रंग लावायला घेतला होता. रंगाच्या वासात पोर नको, म्हणून ती आईच्या कडेवर बसून ट्रक बघायला आली होती.

ट्रक विकणाऱ्याच्या आवारात दोनच ट्रक त्यांच्या कामाचे होते. दोन्ही सपाट हौद्याचे, बाजूला फाळके नसलेले. पांढऱ्याची केबिन दोन दारांची आणि हौदा लांबलचक. राखाडीची केबिन चार दारांची, मागे आणखी एक बाक, त्यामुळे हौदा आखूड.

"पांढरा म्हणजे तुमच्यासाठीच बनवलाय, वहिनी," विक्रेता म्हणाला. त्याचा एक चष्मा कपाळावर होता, एक गळ्यात लोंबत होता आणि बघत तो दोन्हींशिवायच होता. "पण बारा वाजता दुसरं गिऱ्हाईक यायचंय. मग मला बोल लावू नका."

नवऱ्याने टेप काढून मापं घेतली. पांढऱ्यात केबिनमागे दोन फुटांची अवजारांची पेटी, तिच्यामागे बेडकी लांबीत उभी, आणि सगळं वजन मागच्या ॲक्सलच्या पुढे. राखाडीचा हौदा साडेसहा फूट. पेटीचे दोन गेले, राहिले साडेचार. बेडकी सहा फूट दहा इंच.

"दोन फूट चार इंच मागे लोंबणार," तो म्हणाला. "पहिल्याच वळणावर खोलीचं नाक बेडकीच्या ढुंगणात. संपला विषय."

"संपला," सासऱ्यांनी दुजोरा दिला. त्यांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता आणि टेपवर त्यांचा विश्वास नव्हता. पुढचा टायर आणि वरचं मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटं मावतात, एवढंच ते बघत. मागे ओझं जड झालं की ट्रक शेपटीवर बसतो आणि पुढून उचलला जातो. बोटं वाढली की समजायचं, पुढच्या चाकांची जमिनीशी सोयरीक सुटत चालली. "मग स्टीअरिंग नुसतं हातात राहतं. गाडी जाते तिच्या मनाने."

ती पांढऱ्याभोवती तिसरी चक्कर मारत होती.

"दार जड लागतंय," ती म्हणाली.

"तेल घालू."

"आत कसलातरी वास येतोय."

"खिडक्या उघडू."

"रंग फार पांढरा आहे. चिखल दिसेल."

"सूनबाई," सासरे म्हणाले, "तू ट्रक बघतेयस की जावई?"

विक्रेता खो खो हसला. तीही हसली, पण दार उघडून पुन्हा आत डोकावली. एक जागा, दुसरी जागा, मध्ये गिअरचा दांडा. मोजायला काही राहिलंच नव्हतं, तरी तिने दोनदा मोजलं. दोन वर्षं ती घरात खिडकीशी उभी राहून त्या डोंगरावरच्या वाऱ्यासाठी जीव टाकत होती. आता जायचं ठरलं, तर पाय या आवारातून निघेनात. हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने? हातातली पोर तिच्या गळ्यातल्या दोरीला लटकवलेली बेडकीची किल्ली चघळत होती.

आणि मग त्या पोरीने, सगळ्यांच्या नाकाला समजेल असं, आपलंही मत दिलं.

"घे, झालं," नवरा म्हणाला. "तू तिला बदलून आण, तोवर मी बोलून घेतो."

जुन्या ट्रकच्या हौद्यात बेडकी होती आणि मागे चाकांवरची खोली जोडलेलीच होती. ती आत शिरली आणि अरुंद बाकावर पोरीला सरळ निजवलं. पोरीने तिला लंगोट काढू दिला, आणि दुसरा घालायच्या आत गिरकी घेऊन आडवी झाली. डोकं भिंतीला, पाय बाहेर. घरीही तेच. मोठ्या पलंगावर आईबाप दोन कडांना चिकटून झोपायचे आणि मध्ये ही वीतभर आडवी. तिने पोरीला परत सरळ केलं. पोर परत आडवी. शेवटी नेहमीसारखं तिला तसंच ठेवून लंगोट बांधला. पोरीच्या बाजूला बाक कितीतरी रिकामा राहिला होता.

तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर राखाडी ट्रक बाजूने उभा होता. फाळका नाही, कठडा नाही.

ती पोरीला काखोटीला मारून धावतच बाहेर आली.

"बेडकी आडवी घाला!"

"काय?"

"आडवी. तोंड एका बाजूला, शेपूट दुसऱ्या. हौद्याची रुंदी किती आहे?"

नवऱ्याने टेप टाकला. "सात फूट."

"बेडकी सहा फूट दहा इंच. दोन्हीकडे एकेक इंच उरतो. आणि तिची स्वतःची रुंदी चारच फूट. पेटीचे दोन, बेडकीचे चार, सहा झाले. अर्धा फूट शिल्लक!"

"अगं पण चढवणार कशी?"

"बाजूने! आणि खोली न सोडवता. रोज सकाळी बेडकी उतरवायला तू खोली सोडवतोस आणि संध्याकाळी जोडतोस, कमर धरून कण्हतोस. आठवतंय ना?"

नवऱ्याच्या कमरेला ते चांगलंच आठवत होतं. त्याचा हात आपोआप तिथे गेला.

विक्रेत्याने प्रथमच एक चष्मा डोळ्यांवर घेतला. सासरे राखाडीपाशी जाऊन पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसले. "रिकामा असताना चार बोटं," ते म्हणाले. "चढवा बघू. बोलून काय होतंय."

खोली सोडवून राखाडीला जोडली, बेडकी जुन्या ट्रकवरून उतरवली, पेटी ठेवली. फळ्या बाजूने लावल्या. पोरीला नवऱ्याकडे देऊन ती बेडकीवर बसली आणि एका दमात वर गेली. पुढची चाकं पलीकडच्या कडेला आली तसा विक्रेत्याने श्वास धरला. ती थांबली. बरोबर इंचभर. तिने उतरून पट्टे आवळले.

सासरे उठले नाहीत. "भरल्या गाडीचं माप घ्यायचं असतं," ते म्हणाले. "आत कोण कोण बसणार, ते बसा."

नवरा पोरीला घेऊन उभा राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं.

पोर ज्यातून आली होती त्या सासऱ्यांच्या छोट्या गाडीकडे ती गेली, मागच्या सीटवरची पोरीची खुर्ची सोडवली, छातीशी धरून आणली आणि राखाडीच्या मागच्या बाकावर ठेवून पट्टा ओढला. मग नवऱ्याकडे हात पसरले. त्याने काही न विचारता पोर तिच्या हातात दिली. "मी असतोच दिवसभर खोलीत," तो हळूच म्हणाला. "अहवाल काय, ती झोपली की होतील. मला वाटलं, तुलाच मोकळं जायचंय."

"मला वाटलं, तुला."

"बसा लवकर," सासरे ओरडले. "माझे गुडघे इथेच राहतील."

ते बसले. बोटं आत गेली. "पाच," सासरे म्हणाले. "खोलीत पाणी कुठे भरलंय?"

"पुढे. नाकाजवळच्या पिंपात."

"ते खोलीच्या चाकांवर घ्या. नाक कशाला जड करता?"

नवऱ्याने आणि विक्रेत्याने पिंप ढकलत ढकलत मागे नेलं. सासऱ्यांनी पुन्हा बोटं घातली, पुन्हा काढली, फुंकर मारून पुसली, परत घातली. तिला वाटलं, हे मुद्दाम चाललंय.

"सव्वाचार," ते म्हणाले. "त्यातलं पाव माझ्या म्हाताऱ्या नजरेचं धर. चालेल."

गुडघ्यांवर हात रोवून ते उठले आणि पँट झटकत म्हणाले, "पण घरी मी सांगणार नाही. ब्रश तुझ्या सासूच्या हातात आहे."

फोन तिनेच लावला. विक्रेता कागद आणायला गेला होता. ती राखाडीच्या चारही दारांवरून हात फिरवत चालत होती, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत आणि उलट. मागच्या खिडकीतून पोर काचेवर थापा मारत होती.

"ठरला का ट्रक?" सासूबाईंनी विचारलं.

"ठरला, आई."

पलीकडे ब्रश डब्यात ठेवल्याचा आवाज आला.

"किती दारांचा?"

ती थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे पाय एका जागी टेकले.

"चार."

पलीकडे सासूबाईंनी नाक ओढलं.

"तिची निळी चादर दोरीवर वाळतेय," त्या म्हणाल्या. "ती आठवणीने ने. तिच्याशिवाय झोपत नाही पोर. आणि त्या मागच्या बाकावर आणखी एक माणूस मावतं का, ते बघून ठेव. महिन्याने मी येऊन जाईन."