रक्त पातळ करायची गोळी

गडमुडशिंगीचा बाबासो म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणारा गडी. कुणी काही सांगायला लागलं की निम्मं ऐकायचा आणि उरलेलं आपल्या डोक्यानं पुरं करायचा.

दोन हजार नऊ साली त्याच्या बायकोच्या, सरुबाईच्या, मेंदूतल्या शिरेला फुगा आला. फुटला तर खेळ खलास. कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टर शिफाबाईंनी कवटी न उघडता, मांडीच्या शिरेतून तार सरकवत नेऊन, फुग्याच्या तोंडावर जाळीची बारीक नळी बसवली. बाबासो पंचगंगेच्या बंधाऱ्यावर पाणी अडवायच्या लाकडी फळ्या, म्हणजे बरगे, घालायला जायचा, म्हणून बाईंनी त्याला त्याच्याच कामातलं उदाहरण दिलं.

"मामा, जुन्या जाळ्या विरळ असायच्या. रक्त सरळ फुग्यात घुसायचं. ही दाट विणीची. बरगे घातले की पाण्याचा जोर मोडतो ना, तसा फुग्यातला जोर मोडेल. आतलं रक्त थांबून गोठेल आणि फुगा हळूहळू मिटेल."

बाबासो खूश. हे तर आपल्यातलंच निघालं की! पुढं बाई गोळ्यांचं सांगत होत्या, तिकडं त्याचं ध्यानच नव्हतं.

सरुबाईला घरी आणताना मेडिकलवाला म्हणाला, या दोन्ही रक्त पातळ करायच्या गोळ्या. आता आली का पंचाईत? रक्त गोठायला पाहिजे, आणि गोळी पातळ करायची? बरग्यांच्या फटीतनं पाणी झिरपतं म्हणून तर त्यांच्या दोन रांगांमधी माती भरतात. पातळ रक्त जाळीतनं झिरपणारच. त्यानं पाकीट तांदळाच्या डब्यात खुपसलं. बायकोवर जीव फार, म्हणून हा शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी तांदूळ काढताना पाकीट सरुबाईच्या हाताला लागलं. "आवं, ह्या गोळ्या हितं कशा?"

त्यानं सगळा बंधारा समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "बाईस्नी फोन लावा."

"मामा, तुम्ही तर नदीच आटवायला निघालात," शिफाबाई फोनवर कडाडल्या. "जाळी कोरी आहे. तिच्यावर रक्त चिकटलं तर मूळ शीरच बंद होईल, अंगावरनं वारं जाईल. फुगा मिटायचा आणि मधली धार वाहती राहायची, दोन्ही पाहिजे. आत्ता गोळ्या द्या आणि तिला घेऊन या."

रिक्षात बाबासो सरुबाईचा हात घट्ट धरून बसला. आपल्याच हातानं हिला मारली असती, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. बाईंनी तपासलं. देवानं राखलं म्हणायचं, काही झालं नव्हतं. त्या दिवसापासून गोळ्या सरुबाईच्या ताब्यात गेल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढला. जुन्या फोटोत शिरेला हरभऱ्याएवढा फुगा लोंबत होता. नव्यात शीर सरळ, फुग्याचा मागमूस नाही. बाबासो सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

"मामा, आता कशाला भ्यायचं?" शिफाबाई म्हणाल्या. "दोनांतली एक गोळी आजपासून बंद."

"कुठली ते तिला सांगा, बाई," त्यानं डोळे पुसले. "फुग्याचं भ्या गेलं. माझ्या डोक्याचंच ऱ्हायलंय."

"त्येचं औषध माझ्याकडं हाय," सरुबाई हसत म्हणाली आणि पिशवी उचलून उठली. "चला, भूक लागलीया."