भाजलेल्या दगडाची भिंत

इसवी सन १९७६च्या फेब्रुवारीत, सौदी अरेबियातील तबूक शहराबाहेरच्या कामगार छावणीत, स्वयंपाकघराला आडोसा म्हणून दगडी भिंत घालायची होती आणि सिमेंट नव्हते. तेलाच्या पैशाने साऱ्या मुलखात एकाच वेळी बांधकामे निघाली होती. सिमेंटची जहाजे जेद्दाच्या बंदराबाहेर ताटकळत होती. इकडे वाळू उडून भातात पडे. दापोलीच्या उस्मान आचाऱ्याने अखेर निर्वाणीचे सांगितले, "शुक्रवारपर्यंत आडोसा झाला नाही, तर मी चाललो अल-खोबरला, मेव्हण्याच्या हॉटेलात. मग बसा डब्यातली चवळी चिवडत!"

दत्ताराम गवंड्याच्या काळजात धस्स झाले. उस्मानच्या हातचे माशाचे कालवण एवढ्या एकाच गोष्टीवर त्याचा जीव परमुलखात रमला होता.

मिसरी मुकादम इस्मतने तोड काढली. जिप्समचा पांढरा दगड त्याने भाजला, कुटला आणि छाती फुगवून तो म्हणाला, "पिरॅमिडचे दगड आमच्या पूर्वजांनी याच्यावर बसवले. सिमेंटचा आजोबा आहे हा!"

"आमचे किल्ले चुन्यावर उभे आहेत, तेही भर समुद्रात," दत्ताराम म्हणाला. "तुमच्या पिरॅमिडला लाटा कुठे लागतात?"

चुन्याचा धर्मच असा, की जितका मुरेल तितका तो चिवट. मालवणात वडिलांच्या हाताखाली शिकलेल्या दत्तारामने त्याच न्यायाने हौदभर जिप्सम कालवले, वर ओले गोणपाट घातले आणि तो खुशाल चहाला गेला. परत येऊन फावडे मारतो तो खण्ण! सगळा माल थिजून दगड झाला होता.

इस्मत पोट धरून हसला. "उस्ताद, भिंत सांगितली होती, ओटा नाही!"

"आधी सांगायला काय झाले होते?"

"तू ऐकत कुठे होतास? समुद्रात किल्ले बांधत होतास!"

दत्ताराम वरमला, पण वाद सोडील तो दत्ताराम कसला? "जो माल माणसाला चहा पिऊ देत नाही," तो म्हणाला, "त्याच्यावर पिरॅमिड कसा चढला म्हणे?"

भिंतीच्या पायाचा लांबलचक दगड कोणाच्यानेच हलत नव्हता, त्याच्या वाटेवर इस्मतने जिप्समचे पातळ कालवण ओतले आणि म्हणाला, "आता रेट!" दगड लोण्यावरून सरकावा तसा जागी गेला, आणि पाहता पाहता तिथेच घट्ट बसला.

दत्तारामने मान हलवली. मग इस्मतने घमेलेभरच कालवायचे आणि दत्तारामने ते थिजण्यापूर्वी संपवायचे, अशी जोडी जमली. दोघे भांडत राहिले आणि भिंत चढत राहिली. गुरुवारी ती पुरी झाली.

शुक्रवारी दुपारी वारा सुटला. उस्मानने पातेल्यावरचे झाकण काढले, भाताचा घास सावकाश चावला आणि म्हणाला, "गवंडीबुवा, भिंत चांगली झाली. मी राहतो."