नेई तिनियाचं मागणं

“पोरी, तुझा तिबुता छान आहे गं. मला दे,” म्हातारी नेई तिनिया म्हणाली.

मेरेताच्या हातातला घास हातातच राहिला. परदेशात, सुवा शहरातल्या चर्चमागच्या हॉलमध्ये किरिबाती बेटांवरची माणसं चटयांवर मांडी घालून जेवत होती. मेरेता आज पहिल्यांदाच आली होती आणि दाराशीच बसली होती. अंगात तिबुता होता; आईनं हातानं शिवलेली, गळ्याशी बारीक चुण्या घातलेली सैल पिवळी चोळी.

“नाही,” मेरेता म्हणाली. “सॉरी. हा नाही देता येणार.”

चटईवरचं हसणं-बोलणं वात खाली केल्यासारखं उतरलं. आपल्या माणसानं असं तोंडानं मागितलं की ती बुबुती, आणि बुबुतीला नाही म्हणायचं नसतं. होडी मागितली तर होडी द्यायची, मग दुसऱ्या दिवशी मासेमारीला कशानं जायचं ते आपलं आपण बघायचं.

नेई तिनिया रागावली नाही. “बरं, बरं. माफ कर हं,” ती मऊ आवाजात म्हणाली आणि तिनं मेरेताच्या ताटात मोठा मासा वाढला, पाहुणीला वाढावा तसा.

मेरेतानं तो मासा ताटाच्या कडेला सरकवला.

हे ‘नाही’ ती सुवातच शिकली होती. शिकायला म्हणून वसतिगृहात आल्या आल्या तिनं खोलीतल्या लेइमाराला म्हटलं होतं, “तुझ्या चपला दे.” घरी, तारावा बेटावर, असं मागणं म्हणजे गळ्यात हात टाकणं. लेइमारा वानुआतूची, वेगळ्याच देशातली. ती डोळे मोठे करून हसली, “घे की दुकानातून!” आणि मग मैत्रिणींना सांगताना ऐकू आलं, “जपून राहा गं, ही काहीही मागते.” मेरेतानं मागणं सोडलं. मग तिच्याकडेही कुणी काही मागेना, शेजारच्या खोलीतून चिमूटभर मीठसुद्धा नाही. आई म्हणायची, “ज्याच्याकडं कुणी मागत नाही, तो बेटावर असून नसल्यासारखा.”

पुढं तिकडं आई गेली. फोनवर कळलं. विमानात जागा मिळेपर्यंत आई मातीआड झाली होती. लेइमारा हळहळली, आणि हिला मोकळेपणी रडता यावं म्हणून दार ओढून बाहेर गेली. वाईट नव्हती ती. पण एकटीनं कसं रडायचं, हे मेरेताला कुणी शिकवलंच नव्हतं.

जेवणं उरकल्यावर ती मागच्या नळावर ताटं घासायला गेली. तिथं कॉलेजच्या चौथ्या वर्षाला असलेला तेबाऊ पातेलं खरवडत होता.

“काय गं, पार परकी झालीस की! म्हातारीला म्हणे सॉरी. सॉरी!”

“आईनं शिवलाय तो.”

“माझी गिटार नेली तिनं. वाजवता येत नाही एक तार. भिंतीला टांगलीय.”

“तुला वाईट नाही वाटलं?”

“वाटलं की. जातो अधूनमधून बघायला. गेलो की जेवल्याशिवाय सोडत नाही.” त्यानं पातेलं पालथं घातलं. “अगं, परक्याकडं कोण मागतं?”

नळ वाहत राहिला. मेरेताचं ओलं बोट चुण्यांवरून फिरलं. उजेड सरता सरता आई सुईत दोरा ओवायची, ओवला गेला नाही की हिलाच हाक मारायची.

“तेबाऊ,” ती एकदम म्हणाली, “तुझा शर्ट दे.”

किती दिवसांनी तिनं काही मागितलं होतं, आवाज चिरकला. तेबाऊनं का ते विचारलं नाही. ओल्या हातांनीच शर्ट डोक्यावरून ओढला आणि तिच्याकडं टाकला.

“धुतलेला नाही हं,” म्हणाला, आणि उघड्या अंगानं पुढचं भांडं घेतलं.

भांड्यांच्या खोलीत कपडे बदलून मेरेता हॉलमध्ये आली आणि तिनं घडी घातलेला तिबुता नेई तिनियाच्या मांडीवर ठेवला. नेई तिनियानं तो उलटा करून आतली शिवण पाहिली.

“कुणी शिवला?”

“आईनं.”

“कुठं असते?”

“गेली ती,” मेरेता म्हणाली.

म्हातारीनं तिबुता परत केला नाही. केला असता, तर मेरेता पुन्हा पाहुणीच झाली असती. तिनं तो आपल्या कपड्यांवरूनच चढवला. दंडात अडकला, एक टाका कटकन तुटला. मग ती चटईवर बाजूला सरकली.

“बस इथं. नाव काय तिचं? कुठल्या बेटाची? कुणाची लेक?”

मेरेता सांगू लागली. आईचं नाव, आजीचं नाव, बेटाचं नाव. पलीकडची एक बाई म्हणाली, “अगंबाई, त्यांची का!” आणि मेरेताच्या आधी नेई तिनियाच रडू लागली, मोठ्यानं, घरच्यासारखी. बायका सरकत सरकत जवळ आल्या.

मेरेतानं त्या पिवळ्या चुण्यांवर डोकं टेकलं. चुण्यांना आता दुसऱ्याच घरच्या तेलाचा वास येत होता.